हुणसगट्टीच्या इंजिनाचा ताप

इलाहीचाचा कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी त्याला पालथा हात लावत. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, पिठाची गिरणी असो. डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा हात उलटा करून यंत्राला लावायचा. मग डोळे उघडून, यंत्राकडं नव्हे तर मालकाकडं बघत विचारायचं, "कवापासनं हाय हे?"

"कालपासनं, चाचा."

"खोटं बोलू नकोस. बेदाण्याच्या हंगामापासनं अंगावर काढलंय ह्यानं."

आणि मालक, लेकराला वेळेवर दवाखान्यात न नेल्याबद्दल पकडला गेल्यासारखा, खाली बघायचा.

जतच्या स्टँडमागं चाचांचं पत्र्याचं दुकान. वर पाटी, ‘न्यू इलाही रेडिएटर वर्क्स’. पाटी लावून पस्तीस वर्षं झाली तरी ‘न्यू’ काही निघालं नाही; आणि जुनं इलाही रेडिएटर वर्क्स कुठं होतं, हे तालुक्यात कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर चाचा म्हणत, "पेंटरनं आपल्या मनानं लिवलं. मी म्हटलं, असू दे. हुरूप येतो."

काम म्हणाल तर रेडिएटर दुरुस्तीचं. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरच्या जाळीतून फिरतं, पंख्याची हवा लागून गार होतं आणि परत इंजिनात जातं. त्या जाळीला कुठं बारीक भोक पडलं की पाणी झिरपतं आणि इंजिन तापतं. चाचा रेडिएटरची तोंडं बंद करून आत हवा भरत, तो पाण्याच्या हौदात बुडवत आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसत. बगळा बसतो तसे. बुडबुडा दिसला की झाळ मारायची, पुन्हा बुडवायचं. पस्तीस वर्षं हेच. त्यामुळं ओल ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांना सहनच होत नसे. कुणाच्या घरी चहाला गेले तरी आधी मोरीच्या नळाकडं लक्ष. एका सोयरिकीच्या बैठकीत, दोन्हीकडचे लोक बोलणी करत असताना हे पाण्याच्या पिंपाखाली आडवे होऊन गळती शोधत होते. लग्न जमलं, पिंपही दुरुस्त झालं.

घर मात्र जतमध्ये नाही, हुणसगट्टीत. कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. मेंढरं, ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकर. चाचा आणि त्यांची बायको रहिमतबी ही दोघं भांडत दखनीत, हिशेब करत मराठीत आणि शेळ्यांना शिव्या देत कन्नडमध्ये. शेळ्यांना तिन्ही कळत. पण ऐकत त्या कुणाचंच नसत.

तर या हुणसगट्टीत बायकांनी चालवलेलं एक दूध संकलन केंद्र आहे. राजेश्वरी त्याची व्यवस्थापक. पस्तिशीची, चटपटीत, वजनकाट्यासारखी सरळ बाई. सकाळी सव्वाशे घरांचं दूध तिथं यायचं आणि गार करायच्या मोठ्या स्टीलच्या टाकीत पडायचं. टाकी दुधाला चार अंशांवर आणून ठेवायची आणि दुपारी अडीचला सांगलीचा टँकर येऊन ते घेऊन जायचा. ही टाकी आल्यापासून गावाचं दूध सांगलीपर्यंत चांगलं पोचायला लागलं होतं. आधी ते निम्म्या वाटेत नासायचं आणि निम्म्या गावाचा विश्वासही.

अडचण एकच. सकाळी नऊला लाइट जायची ती चारला यायची. तेवढा वेळ टाकी जनरेटरवर. जनरेटर सांभाळायला लालासाहेब होते, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. जनरेटर सुरू करताना त्याच्यासमोर ते सावधान उभे राहत. डिझेल, तेल, पाणी, बेल्ट असं ओळीनं तपासून मोठ्यानं "सब ठीक!" म्हणत. ऐकायला कुणी नसलं तरी म्हणत.

एप्रिल लागला आणि सब काही ठीक राहिलं नाही. बाहेर त्रेचाळीस अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. बाराच्या सुमारास जनरेटरच्या तापमानाची सुई अठ्ठ्याण्णववर जायची आणि इंजिन आपण होऊन बंद पडायचं. लालासाहेबांनी ओली पोती टांगली, शेडचं दार काढलं, शेवटी दाराच्या जागी स्वतः उभे राहून पुठ्ठ्यानं वारा घातला. एका पंधरवड्यात दोनदा दूध नासलं. मग सांगलीहून दूध संघाचे ऋषिराज साहेब आले. तरुण, शांत, प्रत्येक वाक्याआधी चष्मा नीट करणारा माणूस.

"मॅडम, मला वाईट वाटतं," ते राजेश्वरीला म्हणाले, "पण मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मी येईन. नऊपासून टँकर येईपर्यंत बसेन. जनरेटर न थांबता चालला तर ठीक. नाहीतर टाकी हायवेवरच्या गावाला हलवावी लागेल. तिथं लाइट जात नाही."

टाकी गेली की दूध पुन्हा कॅनमध्ये, कॅन पुन्हा वडापच्या जीपमध्ये, आणि सव्वाशे घरं पुन्हा होती तिथंच. राजेश्वरीनं त्याच संध्याकाळी इलाहीचाचांचं दार वाजवलं.

चाचा सकाळी आले. हात उलटा केला, डोळे मिटले. लालासाहेब बाजूला उभे. चाचांनी रेडिएटर उतरवला, हौदात बुडवला, जाळी धुतली, पाण्याचा पंप खोलला, बेल्ट ओढून बघितला. दोन तास गेले. बुडबुडा एकही नाही.

"काय निघालं?" राजेश्वरीनं विचारलं.

"कायच न्हाई. इंजिनाला काय झालेलं न्हाई ताई. आजारी हवा हाय."

"म्हंजे?"

"पंखा वारा घालतोय, पण वाराच तापलेला. तव्यावर फुंकर घालून तवा गार होतोय व्हय? रेडिएटर दुप्पट मोठा बसवला तरी हवा हीच."

लालासाहेबांनी मिशी पुसली. "मग हवा कुठली आणायची? महाबळेश्वरची?"

"हवा न्हाईच आणायची हवालदार. जमीन हाय की."

"जमीन गार आसती व्हय? ह्या वक्ताला अनवाणी चालून बघ गड्या. पायाची भाकरी हुतीय."

"वरची न्हाई. खालची."

आणि मग चाचांनी जे सांगितलं ते त्यांच्या पोटात पन्नास वर्षं होतं. त्यांचं आजोळ हरिपूर, सांगलीला लागून. मामा हळदीच्या पेवांवर हमाल. पेव म्हणजे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, घागरीसारखा पोटात फुगलेला खड्डा. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच. हळद त्यात वर्षानुवर्षं राही, कीड नाही की बुरशी नाही. एकदा रिकाम्या पेवात मामांनी भाच्याला दोरानं उतरवलं. वर चैत्रातलं ऊन, कावळे झाडाबाहेर यायला तयार नव्हते. आणि खाली? खाली सगळं शांत, हळदीचा वास आणि अंगाला ना गरम ना गार. मामा वरून ओरडले, "कसं हाय रं?" हे खालून ओरडले, "मामा, हितं उन्हाळा आलाच न्हाई!"

"वर कसाबी ऋतू असू दे," चाचा राजेश्वरीला म्हणाले, "आठ-नऊ फूट खाली गेलं की जमिनीचं अंग बारा म्हैने सारखंच. सत्तावीस-अठ्ठावीस. इंजिन हाय नव्वदीला. ताप खाली नेऊन सोडायचा. जमीन एवढी मोठी हाय, तिला काय कळतंय?"

राजेश्वरीचे डोळे चमकले. लालासाहेबांचे बारीक झाले.

चाचांनी काडीनं मातीत चित्र काढलं. जमिनीत लांब चर. चरात काळा पाइप, जाऊन-येऊन, जाऊन-येऊन. पाइपात पाणी. ते पाणी एका छोट्या पंपानं फिरत राहणार. इंजिनाचं पाणी आणि जमिनीचं पाणी एका डब्यात शेजारी शेजारी येणार. "दोघांच्या मधी पातळ पत्रा. भेट व्हईल, मिसळायचं न्हाई. हे आपला ताप त्याला देणार, ते जमिनीला नेऊन देणार. त्या डब्यासाठी भंगारातल्या ट्रकचा ऑइल कूलर हाय माझ्याकडं. दोन वर्षं झाली, कशासाठी ठेवलाय ते मलाच म्हाईत नव्हतं."

"चालंल?" राजेश्वरीनं एकच शब्द विचारला.

इथं शहाण्या माणसानं ‘बघू’ म्हणायचं असतं. चाचांनी केंद्रावर जमलेल्या सगळ्या बायकांकडं बघितलं आणि म्हणाले, "चालंल! ह्या गावातनं टाकी हलली तर दुकानाच्या पाटीवरचं माझं नाव पुसून टाका."

"‘न्यू’ तेवढं ठिवू," लालासाहेब म्हणाले.

काम सुरू झालं आणि गावाला लग्नघराची कळा आली. जतच्या भागात प्रत्येक शेतकऱ्याच्या माळ्यावर एक तरी काळ्या पाइपाचं वेटोळं पडलेलं असतं. बोअरला पाणी लागेल म्हणून आणलेलं आणि पाणी न लागल्यानं तसंच राहिलेलं. बायका ती वेटोळी डोक्यावर घेऊन आल्या. जेसीबीनं मुरूम फोडत दोनशे फूट चर काढला. केंद्राच्या शेडपासून निघून, मोकळ्या जागेतून, मशिदीच्या भिंतीला लागून पार बाभळीपर्यंत. लालासाहेब चरात उतरले आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "खंदक बरा हाय," ते म्हणाले, "पण वळणं पायजेत. सरळ खंदकात गोळी सरळ येती."

"आपल्यावर कोण गोळी घालतंय हवालदार?"

"तरीबी."

चाचा मात्र कामात असे गुंतले की रहिमतबीला जेवणाचा डबा चरात दोरानं सोडावा लागला. पाइपाचा प्रत्येक सांधा त्यांनी स्वतः जोडला, हवा भरून, साबणाचा फेस लावून तपासला. आणि एक नियम घातला: चरात पाण्याचा थेंब पडता कामा नये. कॅन धुणाऱ्या एका बाईच्या हातून बादली कलंडली तर चाचा ओरडले, जणू निखारे सांडले. माती चाळणीनं चाळून, उन्हात वाळवून, भुरभुरीत करून मग पाइपावर घातली. "कोरडं म्हंजे कोरडं," ते पुन्हापुन्हा सांगत. "ओल दिसली की समजायचं, गळतंय." चर बुजवून झाला तेव्हा तो इतका कोरडा होता की त्यावर पापड वाळवता आले असते.

शुक्रवारच्या दहा दिवस आधी चाचणी. लालासाहेबांनी "सब ठीक!" म्हटलं, जनरेटर गुरगुरला, छोटा पंप फिरला. दहा वाजता सुई ब्याऐंशीवर. अकराला ब्याऐंशीवर. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. कुणीतरी गूळ आणला. लालासाहेबांनी चाचांच्या पाठीवर अशी थाप मारली की चाचांची टोपी डिझेलच्या डब्यात गेली.

साडेअकराला सुई सत्त्याऐंशीवर होती. पावणेबाराला ब्याण्णव. चाचा सुईकडं बघत होते, बायका चाचांकडं. बारा वाजून दहा मिनिटांनी अठ्ठ्याण्णव झाले, खट् असा आवाज आला आणि शेडमध्ये इतकी शांतता पसरली की दुधाची टाकीसुद्धा श्वास धरून असल्यासारखी वाटली.

राजेश्वरीनं कपाळाला हात लावला नाही. पदर खोचला. "दूध आपापल्या घरी न्या आणि खवा करा," तिनं फर्मावलं. पुढचे तीन दिवस हुणसगट्टी पेढ्यांवर जगली. पाहुण्यांना पेढे, मेंढपाळांना पेढे, टँकरच्या ड्रायव्हरनं विचारलं, "गावात पोरगं झालंय का कुणाला?"

"व्हय," लालासाहेब म्हणाले, "पण बारा वाजून दहाला बंद पडतंय."

चाचांनी पेढ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजेश्वरीकडून दुधाचा थर्मामीटर मागून घेतला, त्याला सुतळी बांधली आणि पहार घेऊन चरावर गेले. दहा-दहा पावलांवर पहार ठोकून भोक पाडायचं, थर्मामीटर खाली सोडायचा, वर ओढायचा, वहीत लिहायचं. केंद्राजवळ पाइपाला लागून माती बासष्ट अंशांना, आणि तिथून हातभर बाजूला तीसच. पुढं तेच. ताप पाइपाजवळच गोळा होऊन बसला होता. खाली जातच नव्हता, बाजूला सरतच नव्हता. चाचा पुटपुटले, "जमीन घेईना झालीय. का रुसलीय ही?"

मशिदीच्या भिंतीजवळ आले आणि पहार वेगळीच गेली. लोण्यात सुरी जावी तशी. वर काढली तर टोकाला चिखल.

चाचांनी तो बोटांनी चोळून बघितला. ओल! म्हणजे सांधा गळतोय. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची गळती शोधणाऱ्याच्या स्वतःच्याच पाइपाला गळती? त्यांनी भराभर उकरलं, सांधा उघडा केला, फेस लावला. बुडबुडा नाही. दुसरा सांधा. नाही. पाइप ठणठणीत. मग पाणी कुठलं? वर बघितलं तर भिंतीतून पन्हळ बाहेर आलेली. मशिदीत नमाजाआधी लोक वजू करतात, हात-तोंड-पाय धुतात. ते पाणी त्या पन्हळीतून निघून बाभळीकडं जाई आणि वाटेत इथं मुरे.

चाचांनी सहज थर्मामीटर सोडला. पाइपाला लागून छत्तीस. हातभर बाजूला चौतीस. दोन हातांवर बत्तीस. त्यांनी पुन्हा सोडला. तेच आकडे. इथं ताप पसरत होता! इथं जमीन घेत होती! पण का, हे काही डोक्यात शिरेना.

ते तसेच घरी आले, चुलीवर चहा उकळत होता. विचारात असलेल्या माणसानं हातात येईल ते फडकं घेतलं आणि पातेलं उचललं. पुढच्याच क्षणी पातेलं जमिनीवर, चहा शेळीच्या अंगावर आणि चाचा एका पायावर.

"आवं, डोळे फुटले काय?" रहिमतबी ओरडली. "ओल्या फडक्यानं कोण पातेलं धरतं? भांडी पुसायचं फडकं हाय ते! कोरडं तिकडं टांगलंय की!"

"ओल्यानं काय हुतंय?"

"चटका बसतोय, दुसरं काय हुतंय! कोरडं फडकं ताप आडवतंय, ओलं आणून हातात देतंय. चार वर्षांच्या पोरीला कळतंय हे..."

तिचं वाक्य तोंडातच राहिलं. कारण तिचा नवरा फुंकर मारायची सोडून भाजलेला हात डोक्यावर धरून अंगणात नाचायला लागला होता.

"ओलं आणून देतंय! रहिमत, ओलं आणून देतंय! मी जमिनीला कोरडं फडकं नेसवलं! चाळून, वाळवून, मीच!"

"मला हे आधी सांगायला पायजे हुतं," रहिमतबी शेळी पुसत शांतपणे म्हणाली. "इंजिनाची कामं चुलीपाशी बसून करावीत."

आता प्रश्न पाण्याचा. मे महिन्यात, जत तालुक्यात, चर भिजवायला पाणी द्या म्हणणाऱ्याला लोकांनी त्याच चरात पुरला असता. राजेश्वरी म्हणाली, "कॅन धुतलेलं पाणी हाय. रोज सकाळी चारशे लिटर. नाल्यात जातंय, वरनं वासाच्या तक्रारी." ते झालं निम्म्या चरापुरतं. उरलेल्यासाठी चाचा अश्फाककडं गेले. अश्फाकचं बांगड्यांचं दुकान आणि मशिदीचा कारभार त्याच्याच हातात. वजूच्या नळाशी उभा राहून तो लोकांना कायम बजावायचा: तोटी बारीक ठेवा, पाणी जपून.

"वजूचं पाणी जनरेटरला?" अश्फाकनं काचेच्या बांगड्या पुसत विचारलं.

"आता बाभळीला जातंय. बाभळीनं कधी इचारलं?"

"तसं न्हाई चाचा. पण जमातीत कुणी म्हटलं तर?"

"म्हणावं, सव्वाशे घरांचं दूध हाय. त्यातली तीस घरं आपलीच. आणि पाणी वापरून झालेलं. पन्हळ तेवढी इकडची तिकडं करतोय."

अश्फाकनं एक बांगडी उजेडात धरून बघितली. "आणि बाभळीचं?"

"ती जतची बाभूळ हाय. पाणी मिळतंय ह्याचंच तिला नवल वाटत आसंल."

अश्फाक हसला, म्हणजे झालं.

ठिबकचे जुने पाइप, ज्यांची भोकं शेतात बुजतात म्हणून लोक वैतागून टाकून देतात, ते आणले. चरावर हातभर खोल गाडले. एका टोकाला कॅनचं पाणी, दुसऱ्या टोकाला वजूचं. आणि ज्या माणसानं आयुष्यभर भोकं बुजवली तो उन्हात बसून, सुईनं, एक एक भोक मोकळं करत होता. "हे कुणी बघितलं तर माझा धंदा बसंल," चाचा म्हणाले. पाच दिवस पाणी मुरत राहिलं. रोज पहार, रोज थर्मामीटर. सहाव्या दिवशी चाचांनी वही राजेश्वरीपुढं ठेवली. आकडे पसरले होते.

शुक्रवारी ऋषिराज साहेब बरोबर नऊला हजर. खुर्ची जनरेटरसमोर, चष्मा नीट, हातात घड्याळ. सव्वाशे घरांतल्या बायका आवारात, भिंतीवर, ट्रॉलीत; तिकीट लावलं असतं तरी एवढ्या आल्या असत्या. "सब ठीक!" लालासाहेब आज इतक्या जोरात ओरडले की साहेबांनी दचकून चष्मा दोनदा नीट केला.

दहा: ब्याऐंशी. अकरा: ब्याऐंशी. साडेअकरा, मागच्या वेळी घात सुरू झाला ती वेळ: त्र्याऐंशी. गूळ आणलेला होता, पण कुणी पुडी सोडली नाही.

बाराला सत्त्याऐंशी.

चाचांनी कूलरच्या डब्याला पालथा हात लावला. सकाळचं कॅनचं पाणी मुरून गेलं होतं. वरचं ऊन आज पंचेचाळीसला होतं. साडेबाराला एक्याण्णव. पाऊण वाजता चौऱ्याण्णव. राजेश्वरीच्या हातातल्या रजिस्टरची कड चुरगळली होती. टँकर अडीचला. अजून पावणेदोन तास.

तेवढ्यात अजान झाली.

चाचा उठले. राजेश्वरी पुढं आली. "चाचा, आत्ता? तुमी चाललासा?"

"ताई, मी सुईकडं बघून ती खाली आली असती तर मी तिला इतक्या वर जाऊच दिलं नसतं." त्यांनी टोपी नीट केली. "जुम्मा हाय. येतो."

मशिदीत शुक्रवारची गर्दी. रोज वीस-पंचवीस माणसं. आज हुणसगट्टीतली सगळी, शिवाय वस्त्यांवरची, जतहून सुट्टीला आलेली. दीडशे तरी. नळांसमोर रांग. चाचा रांगेत उभे राहिले, पण कान भिंतीपलीकडं. इंजिन चालू आहे. अजून चालू आहे. त्यांच्यासमोर दीडशे माणसं हात धूत होती, कोपरापर्यंत. तोंडावरून पाणी घेत होती. पाय धूत होती, घोट्यापर्यंत. प्रत्येकाचं थोडंथोडंसं, बारीक तोटीचं. पन्हळीला मात्र आज खळखळ आवाज होता.

भिंतीपलीकडं लालासाहेब सुईवर डोळे लावून मोठ्यानं वाचत होते, सीमेवरून बातमी द्यावी तसं. "पंच्याण्णव!... पंच्याण्णव!... पंच्याण्णव, साहेब, थांबलीय!" बायका भिंतीवरून पुढं झुकल्या. "चौऱ्याण्णव!"

हे चौऱ्याण्णव भिंतीवरून मशिदीत ऐकू आलं. पाय धुणारा एक म्हातारा थांबला. "काय चाललंय पलीकडं?"

"आपलं पाणी पोचलं," चाचा म्हणाले. आणि बाही वर सारून नळाशी सरकले.

"एक्याण्णव!" पलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ राजेश्वरीचा, ज्याला आता कसलाच धरबंध उरला नव्हता: "चाचाऽऽ! उतरतीय! अजून कोण राहिलं आसंल तर पाठवा की वजूला!"

अख्खी रांग हसली. आणि अश्फाक, ज्यानं वर्षानुवर्षं तोटी बारीक ठेवायला सांगितलं होतं, तो घसा साफ करून म्हणाला, "घाई करू नका. मागच्यांनी... पाय नीट धुवा."

नमाज संपवून चाचा आले तेव्हा सुई शहाऐंशीवर होती. त्यांनी सुईकडं बघितलंच नाही. ते राजेश्वरीच्या तोंडाकडं बघत होते, तिथं जास्त स्पष्ट वाचता येत होतं.

अडीचला नव्हे, दोन पस्तीसला टँकर आला. ऋषिराज साहेबांनी स्वतः टाकीत थर्मामीटर घातला. वर काढला, चष्मा नीट केला, पुन्हा बघितला. चार अंश. त्यांनी रजिस्टर मागितलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं. राजेश्वरीनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं: "टाकी हितंच राहणार!"

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. गुळाची पुडी फुटली, आणखी कुठूनशा चार आल्या. लालासाहेबांनी जनरेटरला सॅल्यूट ठोकला आणि मग, इकडंतिकडं बघून, चाचांनाही. रहिमतबी भिंतीवर बसून बायकांना ओल्या फडक्याची हकिकत तिसऱ्यांदा सांगत होती. प्रत्येक वेळी चटका थोडा मोठा आणि नवरा थोडा जास्त खुळा होत होता.

"चाचा, मला ह्याचं ड्रॉइंग द्याल का?" ऋषिराज साहेबांनी विचारलं. "म्हसवडच्या केंद्राचीही हीच अडचण आहे. त्यांना मी आत्ताच फोनवर सांगितलं. ते ऐकतच नाहीत, तुमच्याकडेच फोन द्या म्हणतायत." आणि त्यांनी मोबाइल पुढं केला.

चाचांनी तो कानाला लावला. पलीकडचा माणूस भडाभडा बोलत होता: इंजिन किती घोड्यांचं, रेडिएटर कुठल्या कंपनीचा, सुई किती वाजता चढते. चाचा व्हय व्हय करत ऐकत होते, एका पायाची चप्पल आधीच निघायच्या दिशेला वळलेली.

"ते समदं बघू," ते मधेच म्हणाले. "मला आधी एवढंच सांगा, तुमच्या हितं रोज सगळ्यात जास्त पाणी कुठं सांडतंय?"